दोन ते चार फोनला हात लावायचा नाही

एकूण अकरा वाचक असलेल्या एका मासिकाची मी संपादिका होते, आणि ते अकराही जण माझे लेखन वगळून उरलेले मासिक वाचत, हे मला फार उशिरा कळले. मासिकाचे नाव ‘मोडेम वार्ता’. मी सुचवलेल्या सात नावांपैकी तीन नावांत चंद्र होता आणि दोहोंत वीणा. माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, ती सातही नावे शांतपणे ऐकून घेतली आणि मुखपृष्ठावर ‘मोडेम वार्ता’ असे छापून टाकले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. कर्जतला आमच्या घराच्या तळमजल्यावर भाऊजींचा कॉम्प्युटर क्लास होता. दुपारी दोन ते चार क्लास बंद असे. तेवढ्या वेळात तिथला एक कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेला जोडून भाऊजी त्याचा ‘फलक’ करीत. वाचनालयाच्या दाराशी जसा काळा फळा असतो, ज्याला वाटेल त्याने यावे, वाचावे, खडूने दोन ओळी लिहून जावे, तसाच हा फळा होता. इंग्रजीत त्याला बुलेटिन बोर्ड म्हणत. फरक इतकाच, की त्याच्यापुढे उभे राहण्यासाठी आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरून, मोडेम नावाच्या डबीतून, आमच्या घरी फोन लावावा लागे. तार एकच असल्यामुळे एका वेळी एकच माणूस आत येऊ शकत असे आणि उरलेले दहा जण आपापल्या घरी एंगेज टोन ऐकत बसत. अशा ताटकळलेल्यांना फळ्यावर काय लिहिले होते ते निदान कागदावर वाचता यावे, यासाठी आमचे मासिक. हाताने लिहून झेरॉक्स केलेली बारा पाने, कडेला दोन टाचण्या. शिळफाट्याचे दोन अंक खोपोलीला जाणाऱ्या टेंपोतून जात; पोशीरचा एक अंक दूधवाल्याच्या रिकाम्या कॅनला रबर लावून.

संपादकपद माझ्याकडे आले ते गुणवत्तेमुळे नव्हे. “तुझं मराठीत एम.ए. झालंय ना?” भाऊजींनी एकदा जेवताना विचारले. मी म्हटले, “हो. विशेष विषय काव्य.” ते म्हणाले, “चालेल.”

मासिकात कोणता मोडेम कोणत्या खटक्याला चालतो, पावसाळ्यात त्याच्याजवळ बल्ब का पेटता ठेवावा, अशी उपयुक्त माहिती असे. पान सातवर माझे सदर असे, ‘नादचित्रे’. मोडेम जोडला जाताना जो कोलाहल होतो त्याने मी अक्षरशः झपाटले होते. आधी डायलचे टपटपते थेंब, मग काचेवर बोट ओढावे तसा एक लांब, उंच सूर, त्याला पलीकडून येणारे ओबडधोबड उत्तर, आणि शेवटी दोघांची एकदम सुरू होणारी खरखर, जणू कुणी सूपभर तांदूळ पत्र्यावर ओतावेत. मग एकाएकी सगळे शांत. जोडणी झाली की मोडेमचा स्पीकर आपोआप बंद होतो, हे भाऊजींनी मला दोनदा समजावून सांगितले होते. पण कवितेत मुरलेल्या मनाला आवाज संपला एवढे पुरत नाही. त्या शांततेच्या आत काय चालले आहे, हे मला ऐकायचे होते.

ते ऐकण्याची सोय वरच्या स्वयंपाकघरात होती. क्लासच्याच तारेवरचा दुसरा फोन तिथे भिंतीवर टांगलेला असे. घरात भाऊजींचा एकच नियम होता: दोन ते चार फोनला हात लावायचा नाही. नियमाचा अर्थ मी माझ्या परीने लावला. फोन करायचा नाही, बोलायचे नाही, उगाच आकडे फिरवायचे नाहीत. ऐकणे म्हणजे फोन वापरणे नव्हे, असा माझा निर्मळ समज होता. तरीही काळजी म्हणून बोलायच्या बाजूवर मी पदराची दुहेरी घडी धरीत असे, श्वास रोखीत असे. मगच रिसीव्हर कानाशी.

आत सळसळ असे. पिकलेल्या भातातून वारा जावा तशी दाट, कोरडी, सोनेरी सळसळ. दोन-चार क्षणांत ती विरळ होई, अडखळे, कुठे तरी दूर एक बारीक खटका वाजे आणि मग नुसती पोकळी उरे. दर वेळी तसेच. त्या विझण्यावर मी ‘नादचित्रां’चे चार भाग लिहिले. सौंदर्य स्पर्श होताच का विरते, असा प्रश्नही त्यांपैकी एका भागात मी वाचकांना विचारला होता.

वाचकांचा प्रश्न मात्र निराळा होता. जोडणी मध्येच का तुटते? पावसाळा सरल्यापासून तक्रारी येऊ लागल्या होत्या. फळ्याशी जोडलेला माणूस पंधरा-वीस मिनिटांत अचानक बाहेर फेकला जाई. मी संपादिकेच्या कर्तव्यबुद्धीने ‘तुटीची नोंद’ असा तक्ताच सुरू केला आणि वाचकांकडून वार, वेळ, गावाचे नाव मागवून पान सहावर नीटनेटके छापू लागले. दोन अग्रलेख लिहिले. त्यांत तारांवर बसणारे कावळे, खांबांवरची वेल आणि कोपऱ्यावरच्या घरातले जांभळाचे झाड यांच्यावर संशय घेतला. जांभळाची एक फांदी तारेला टेकली होती. मी इतका पाठपुरावा केला की टेलिफोनचा लाइनमन शिडी घेऊन आला. वर चढून त्याने तार पाहिली, फांदी पाहिली आणि खाली मला म्हणाला, “तार बरी हाय. झाड बी बरं हाय.”

“तरी फांदी काढा,” मी म्हणाले.

फांदी गेली. त्या घरच्या मालकीणबाई पुढची दोन वर्षे माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि जांभळांची वाटी त्यांच्याकडून आमच्याकडे येत असे तीही थांबली. जोडणी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी तुटली.

तक्त्यात सर्वांत जास्त नोंदी दहिवलीच्या होत्या. तिथली आमची वाचक म्हणजे सकाळच्या शाळेत कारकुनी करणारी, तिशीकडे झुकलेली एक मुलगी. तिचे वडील घाटाच्या इंजिनांवरून निवृत्त झालेले. कर्जतला मालगाडी थांबते, तिच्या मागे जादा इंजिने लागतात आणि ती गाडीला घाटातून वर ढकलत नेतात. त्या इंजिनांवर त्यांचे आयुष्य गेले होते. मुलीने सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला होता आणि दोन वर्षे खपून एक प्रोग्रॅम लिहिला होता. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करावे आणि पडद्यावर ते देवनागरीत उमटावे, असा. आम्ही सगळे फळ्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत असू. माझ्या कविता त्या वेषात विमा कंपनीच्या पत्रासारख्या दिसत. तेव्हा या प्रोग्रॅममध्ये माझाही स्वार्थ होता.

तिचा स्वार्थ मोठा होता. मुंबईच्या एका कंपनीच्या मालकांनी तिला कळवले होते, की येत्या शनिवारी तीननंतर ते कर्जतच्या फळ्याला फोन लावतील, प्रोग्रॅम उतरवून घेतील, आणि पसंत पडला तर तिला नोकरी देतील. एकदाच बघू, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. त्यापूर्वी प्रोग्रॅम फळ्यावर चढायला हवा होता. तिचा कॉम्प्युटर मोठ्या फ्लॉपीचा, आमचा लहान फ्लॉपीचा. एकाची दुसऱ्याच्या तोंडात जात नसे. म्हणून वाट एकच, फोनची तार. पाठवायला चाळीस मिनिटे लागत, आणि मध्ये तुटले की पुन्हा पहिल्यापासून. ती रोज दोन वाजता फोन लावी; लागला तर मध्येच तुटे, आणि तुटला की तार दुसऱ्या कुणी पटकावलेली असे.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता ती आमच्याकडे आली. क्लासमध्ये न जाता सरळ जिना चढून स्वयंपाकघरात. हातात ‘मोडेम वार्ते’चा ताजा अंक होता, पान सात उघडलेले. माझ्या सदराची वाचक प्रथमच समोर उभी राहिली होती. मी आमटीखालचा गॅस बारीक केला आणि पदर सारखा केला.

“ताई, हे तुम्ही लिहिलंत ना?” असे म्हणून तिने वाचायला सुरुवात केली. “‘मालगाडीला मागून इंजिने लागतात, एक दीर्घ शिट्टी होते, गाडी घाटाकडे निघून जाते आणि गावावर स्वच्छ शांतता उतरते. त्या शांततेत मी रिसीव्हर कानाशी नेते.’ हे खरंच करता, का कल्पना आहे?”

मला थोडा रागच आला. “मी कल्पनेवर लिहीत नाही. प्रत्येक ओळ अनुभवलेली आहे.”

“रोज?”

“रविवार सोडून.”

तिने अंक ओट्यावर सपाट ठेवला. डावीकडे पान सहा, ‘तुटीची नोंद’. उजवीकडे मी. तक्त्यातल्या वेळांपुढे पेन्सिलने बारीक आकडे लिहिलेले होते.

“बाबांना घरबसल्या शिट्टी ऐकून गाडी कळते,” ती म्हणाली. “महिन्याभराच्या वेळा मी त्यांच्याकडून लिहून घेतल्या. गाडी वेळेवर असली की आमचं दोन वीसला तुटतं. लेट असली की तितकंच लेट तुटतं. मंगळवारी गाडी आलीच नाही. मंगळवारी तार शिळफाटावाल्यांना मिळाली होती, त्यांचं शेवटपर्यंत चाललं.”

आमटी रटरटत होती. मंगळवारी मी पाऊण तास शिट्टीची वाट पाहिली होती आणि शेवटी कंटाळून शेंगा सोलायला बसले होते.

“पण मी पदर लावत होते,” मी म्हणाले.

“ताई, मोडेमला तुमचा पदर दिसत नाही.” तिने अंक घडी करून पिशवीत घातला. “दुसरा फोन उचलला की तारेत खरखर होते, आणि त्याला वाटतं पलीकडचा गेला. भाऊंना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. मला उद्या दोन ते पावणेतीन पायजे.”

“मी उद्या हातसुद्धा लावणार नाही.”

तिने फोनकडे पाहिले, मग माझ्याकडे. “तुमच्यावर विश्वास हाय. कानावर नाय. उद्या माझ्याकडे या बसायला.”

असे संपादिकेला पहाऱ्यात ठेवायचे ठरले. शनिवारी सासूबाई आडव्या झाल्याची खात्री करून मी पूल ओलांडून दहिवलीला गेले. त्यांच्या पुढच्या खोलीत फळीवर बुद्धाची लहान मूर्ती होती आणि तिच्याखाली मॉनिटर, रुमालाने पुसून लख्ख केलेला. तापलेल्या धुळीचा करपट वास, शेजारून भाजलेल्या बोंबलांचा. दोन वाजता तिने फोन लावला. टपटप, सूर, खरखर, शांतता. पडद्यावर एक आकडा वाढू लागला. तिचे वडील दाराशी खुर्ची टाकून बसले होते.

आकडा जेमतेम अर्ध्यावर असताना शिट्टी झाली.

“आज येळेवर हाय,” वडील म्हणाले. मग माझ्याकडे पाहत म्हणाले, “बाई, हात.”

माझा उजवा हात कानाशी पोचला होता, आणि डाव्या हाताने मी पदराची घडी घालीत होते. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

तेवढ्यात आकडा थांबला.

“घरी कोण हाय?” तिने मान न वळवता विचारले.

“सासूबाई. झोपल्या आहेत.”

“फोन उचलतात?”

“कधीच नाही,” मी म्हणाले, आणि आजवर मी ज्या ज्या गोष्टींची अशीच खात्री दिली होती त्या सगळ्या एकदम आठवल्या. जांभळाची फांदी तर डोळ्यांपुढे हलू लागली. आकडा तिथेच होता. तिने ओठ दाताखाली धरला. दाराशी खुर्ची करकरली. मग आकडा एक घर पुढे सरकला, पुन्हा थांबला, आणि जणू काही झालेच नाही असा धावू लागला.

दोन बेचाळीसला ती म्हणाली, “गेला फळ्यावर. सगळा.” वडील उठून पाठमोरे झाले आणि बराच वेळ चपला शोधत राहिले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

संध्याकाळी मी भाऊजींना सगळे सांगितले. त्यांनी एकच शब्द विचारला, “जांभूळ?” मी मान हलवली. ते खाली निघून गेले. सोमवारी तिच्या शाळेत मुंबईहून फोन आला आणि महिन्याभराने ती नोकरीवर रुजू झाली.

पुढच्या अंकासाठी मी दीड पानाचे क्षमापत्र लिहिले. त्यात श्रवणाचा मोह, विझती सळसळ आणि पश्चात्तापाची दोन उपमाने होती. मासिकातला टाइप केलेला पहिला मजकूर तिच्याच प्रोग्रॅमवर व्हावा, अशी भाऊजींची इच्छा होती, म्हणून ते क्षमापत्र तिच्याकडे गेले. छापून आले ते असे: “तारेत दोष नव्हता. संपादिका फोन उचलत होत्या.” दीड पान कुठे गेले, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, सगळं आलंय ना त्यात? ते अकराच्या अकरा वाचकांनी शेवटपर्यंत वाचले. पोशीरच्या वाचकाने तर दूधवाल्याबरोबर निरोप धाडला, की या महिन्याचे पान सात समजले.

ती आता पुण्याला असते. केव्हा तरी फोन करते, बहुधा दुपारी दोननंतरच. तारा केव्हाच निघाल्या आणि फोन माझ्या पर्समध्ये असतो, पण मी उचलला की आधी ती विचारते, “ताई, पदर लावलाय ना?”