शेवंतीची दहीसाखर

माझी धाकटी बहीण मालती माघात दिल्लीत वारली. मी मिरजेत होते. दुपारी तिच्या यजमानांचा, सुहासरावांचा फोन आला. संध्याकाळी नळाला पाणी आलं, ते मी भरून ठेवलं.

दीड महिन्याने मी दिल्लीची गाडी पकडली. सुहासराव केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. महिनाअखेरीला लक्ष्मीबाई नगरातलं क्वार्टर सोडून त्यांना मयूर विहारच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं, आणि आवरायला घरात कोणी नव्हतं. गाडीत मी पुस्तक उघडून बसले. मनमाडपर्यंत एकच पान वाचत होते. भोपाळनंतर मात्र चार पानं झाली.

निजामुद्दीन स्टेशनाबाहेर सेमल (आपली काटेसावर) लालभडक फुलली होती आणि खाली पडलेल्या फुलांवरून लोक बॅगा ओढत नेत होते. हवेत अजून गारवा होता. सुहासरावांनी माझी पिशवी घेतली. वाटेत आम्ही फक्त उन्हाळा कधी सुरू होतो यावर बोललो.

क्वार्टरच्या दारात, पायपुसण्यावर, एक पिवळसर कुत्री पसरली होती.

"सरका जरा, शेवंतीबाई," सुहासराव म्हणाले. "ताई आल्यात."

ती उठली, मला हुंगलं आणि सरकली.

"हिला मराठी कळतं?"

"मराठीच कळतं. हिंदीत सांगितलं तर ढिम्म हलत नाही. मालूने बिघडवलीय तिला."

मालतीचं नाव त्या घरात माझ्यासमोर पहिल्यांदा निघालं, ते असं.

चहा पिताना सगळा उलगडा झाला. गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांची नसबंदी मालतीने एकेक करून घेतली होती. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून त्यांच्या कानाचं टोक कापतात. गल्लीत कुठेही बघा, असे कान. शेवंती तेवढी राहिली. दर वेळी तिला दिवस गेलेले असायचे, नाहीतर ती पिल्लांना पाजत असायची. यंदाच्या थंडीत तिची पिल्लं ऊब शोधत गाड्यांखाली शिरली आणि सकाळी गाड्या निघाल्या. त्यानंतर मालतीने दवाखान्याची वेळ ठरवली होती. त्याच आठवड्यात ती स्वतः आजारी पडली.

शेवंतीला फ्लॅटमध्ये नेणं शक्य नव्हतं. ती गल्लीची कुत्री, गल्लीतच राहणार. वरच्या मजल्यावरच्या भल्लाबाई तिला दोन वेळा खाऊ घालायला तयार होत्या, पण त्यांची एक अट होती. जिन्यात उभ्या राहून त्यांनी ती मलाही ऐकवली.

"दीदी, रोटी मैं दूँगी, दूध मैं दूँगी. पर ऑपरेशन करवाके जाइए. पिल्ले मरते हुए मुझसे नहीं देखे जाते."

म्हणजे घर सोडण्याआधी हे एक काम व्हायलाच हवं होतं. बाकी भांडीकुंडी काय, कशीही बांधता आली असती.

जवळच्या खासगी दवाखान्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून सुहासरावांनी फोनलाच नमस्कार केला. मालतीने वेळ घेतलेला दवाखाना यमुनेपलीकडे होता, मयूर विहारच्या पुढे, एका जुन्या गावाच्या गल्लीत. धर्मादाय संस्थेचा. तिथे हे काम बाहेरच्या पाव खर्चात होई, आणि तेवढंही जमत नसेल त्याने पेटीत जमेल तेवढं टाकावं अशी रीत होती.

आम्ही नवी वेळ घेतली. सकाळी रिक्षा ठरवली. रिक्षावाले साधारण पन्नाशीचे, मफलर अजून गळ्यात.

"काटेगी तो नहीं?"

"प्रेमाने बोललात तर नाही," सुहासराव हिंदीत म्हणाले, आणि मग शेवंतीला, "चल गं, बस." ती बसली, थेट माझ्या पावलांवर.

रिंग रोड, आश्रमचा चौक, मग निजामुद्दीन पूल. पुलाखाली यमुना काळसर, संथ. पण काठाने पालेभाज्यांची शेतं इतकी हिरवी की मी मान बाहेर काढून पाहिली. शेवंतीनेही काढली. उजवीकडून जाणाऱ्या बसमधल्या सगळ्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं.

दवाखान्याच्या अंगणात बाकं होती. तिथे मला चक्क मराठी ऐकू आलं. नजमा नावाची नांदेडकडची मुलगी, यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीत राहणारी, मांडीवरच्या कापडी पिशवीला दटावत होती. पिशवीतून बोक्याचं डोकं वर आलं होतं.

"नाव काय याचं?" मी विचारलं.

"कलेक्टर."

"अगं!"

"काय करणार काकू, घरचे रोज विचारतात, कलेक्टर कधी होणार. आता सांगते, झालाय, खोलीतच असतो." तिने बोक्याचं डोकं आत दाबलं. "रात्री-बेरात्री दौऱ्यावर जातो आणि अख्ख्या मोहल्ल्यात भांडणं करून येतो. म्हणून आणलाय."

मला हसू आलं. माघानंतर मी मोठ्याने हसले ते तिथे.

आमचा नंबर आला. डॉक्टर तरुण बाई होत्या. शेवंतीचं पोट चाचपून, डोळे बघून त्यांनी विचारलं, "कल रात से कुछ खाया तो नहीं ना?"

"नाही," मी म्हणाले. रात्रीपासून काही द्यायचं नाही हे फोनवरच सांगितलं होतं आणि मी स्वतः तिची ताटली उचलून ठेवली होती.

सुहासराव खिडकीबाहेर बघू लागले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सुहासराव?"

"सकाळी निघताना... दहीसाखर दिली, ताई."

आमच्या घरात महत्त्वाच्या कामाला निघणाऱ्याच्या तळहातावर दहीसाखर ठेवतात. मालतीने ती सुहासरावांच्या प्रत्येक बढतीच्या मुलाखतीला दिली होती.

"चमचाभर?" मी आशेने विचारलं.

"वाटीभर. हातावर द्यायची, तर तिला हात कुठे आहे?"

डॉक्टरांना हिंदीत समजावलं. त्यांनी आधी टेबलाचा आधार घेतला, मग हसल्या. "सर, दही-चीनी इम्तिहान के लिए होती है, बेहोशी के लिए नहीं. उलटी साँस की नली में चली गई तो जान का ख़तरा है. परसों लाइए. खाली पेट."

बाहेर आल्यावर सुहासराव बाकावर बसले. "मालूचं काम होतं हो," ते म्हणाले. "शकुन केल्याशिवाय कसं पाठवू? तिला कुणी दिली नव्हती, ताई. अँब्युलन्समधून गेली ना. घाईत."

मी त्यांच्याशेजारी बसले. समोरच्या गाडीवर मटर-कुलचा मिळत होता. तीन प्लेट घेतल्या. मऊ कुलचे, वर आलं आणि लिंबू. शेवंतीला आता खायला हरकत नव्हती. तिने आपला कुलचा संपवून सुहासरावांच्या कुलच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी तो दिला.

मी परतीचं तिकीट पुढे ढकललं. दुसऱ्या खेपेला तयारी कडेकोट होती. भल्लाबाईंनी आदल्या संध्याकाळीच गल्लीभर दवंडी पिटली होती. सकाळी इस्त्रीवाल्याने खिशातलं बिस्किट परत खिशात घातलं. सुहासराव स्वयंपाकघरातून बाहेर आले ते दोन्ही रिकामे तळवे मला दाखवतच. वरून आवाज आला, "भाई साहब, आज आप भी उसके सामने मत खाना!"

रिक्षावाले तेच. "हुआ कि नहीं?" त्यांनी विचारलं. दह्याची गोष्ट ऐकून त्यांना पुलावर रिक्षा हळू करावी लागली. मग म्हणाले, "हमारी गली में भी एक बिल्ली है. हर साल चार-पाँच बच्चे. ग़रीब आदमी का भी करते हैं?" करतात म्हटल्यावर ते आमच्याबरोबर आत आले आणि मांजरीसाठी वेळ घेऊनच निघाले.

ऑपरेशन नीट झालं. शेवंतीला काही दिवस तिथेच ठेवून घेतलं. जिथून आणलं तिथेच परत सोडायचं, असं डॉक्टरांनी निघताना बजावलं. आम्ही तिला आणायला गेलो तेव्हा तिच्या डाव्या कानाचं टोक नव्हतं आणि चेहऱ्यावर प्रचंड अपमान होता. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. ती उतरली, कोणाकडेही न बघता सरळ दाराशी गेली आणि पायपुसण्यावर आडवी झाली. वर भल्लाबाईंच्या कुकरची शिट्टी झाली तेवढे तिचे कान हलले.

मी निघाले त्या दिवशी खोके बांधून झाले होते. सुहासरावांनी शेवटच्या उघड्या खोक्यातून वाटी काढली.

"ताई, हात पुढे करा," ते म्हणाले. "तुम्हाला तरी चालेल ना?"

चालली. साखर जरा जास्तच होती. मालती इतकीच घालायची.

आता मिरजेला पोचून आठवडा झाला. सुहासराव मयूर विहारला आहेत. क्वार्टरला सरकारी कुलूप आहे. पायपुसणं भल्लाबाईंच्या दारात आहे आणि त्यावर शेवंती झोपते.