रोज सोडायची गाठ

मांजर्लीला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे काका अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर होते. आता रिटायर झालेत, एकटेच असतात. मला हॉटेलात रिसेप्शनची नोकरी लागली, तेव्हापासून माझा टाय तेच बांधतात. त्यांना तो फक्त स्वतःच्या गळ्यात बांधता येतो. आरशासमोर गाठ घालायची, सैल करून डोक्यावरून काढायची आणि माझ्या गळ्यात सरकवायची. एवढ्यासाठी सकाळी सातलाच ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार असतात.

"घरी आल्यावर गाठ सोडायची," ते बजावतात. "नाहीतर कापड मरतं."

म्हणून मला रोज जावं लागतं. शिकवा म्हटलं तर म्हणतात, "शिकशील रे, घाई काय आहे?"

मोबाईलवर बघून मी केव्हाच शिकलोय. परवा उशीर झाला म्हणून घरीच बांधून निघालो, तर काका दार उघडं टाकून बसलेले. गुपचूप मागे फिरलो, टाय सोडला आणि त्यांच्याकडे नेला.

ताज्या चुणीवरून त्यांनी दोनदा अंगठा फिरवला. गाठ घातली, माझी कॉलर नीट केली आणि विचारलं, "उद्या सुट्टी नाही ना तुला?"