संडासाचं कुलूप

लातूरच्या एका डाळमिलमध्ये मी काट्यावर वजनं लिहितो. आत बायका तूर निवडतात. त्यातली एक, कुणीही हाक मारली तरी हातातलं सूप पाखडून झाल्याशिवाय मान वर करत नाही. मॅनेजरनं मारली तरी.

बायकांच्या संडासाला एरवी कुलूप असतं. घाण होते म्हणे. बायका मिलच्या मागं बाभळींत जातात. आमची डाळ घेणाऱ्या कंपनीचे साहेब तपासणीला आले, की कुलूप निघतं, फिनेल पडतं, नवा साबण येतो. परवा साहेबांनी विचारलं, तेव्हा मॅनेजर हसत म्हणाला, "सर, हे कायम उघडंच. इथं कुलूप लागतच नाही." ती शेजारीच पाखडत बसली होती.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि मॅनेजर संडास बंद करायला गेला, तर कुलूप सापडेना. तो सगळ्यांवर ओरडत सुटला. तिनं सूप संपवलं, मग मान वर केली.

"माझ्या पिशवीत हाय. इथं लागत न्हाई म्हनलाव की तुमी. माझ्या घराला लागतंय."

उठून तिनं त्याच्यापुढं हात केला.

"आता चावी द्या."