सावकाश साबण

हार न मानणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण हार झाली आहे ही बातमीच जिच्यापर्यंत पोचवता येत नाही, अशी माझ्या पाहण्यात एकच, माझी सौंसरची आत्या. कुकरच्या शिट्ट्यांवर तिचा विश्वास नाही. "शिट्टी थो वाजवते, शिजलं का नाही ते मी सांगीन," म्हणते आणि वरण पुन्हा चढवते. लोधीखेड्याला जाताना बस तिला हवी तिथे थांबली नाही, तर ती भांडत बसत नाही. पुढच्या थांब्यावर उतरते, "मले इथंच काम होतं" असं कंडक्टरला ऐकवते आणि उन्हातून मागे चालत येते. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं, तेव्हा तिने डॉक्टर बंद केला.

आतोबा गेल्यापासून ती घरात एकटी. तिचा मुलगा, माझा दादा, नागपूरला नोकरीला. पोळ्याला आला तेव्हा त्याने विषय काढला, "आई, घर बंद कर आणि चल माझ्याकडे. इथं काय काम आहे तुझं?" आत्याने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "साबन." दिवाळीच्या मेळ्यात बचत गटातर्फे संत्र्याच्या सालीचा साबण विकायचा, हे तिने त्याच क्षणी ठरवलं असावं, कारण गटातल्या बायकांना ते दुसऱ्या दिवशी कळलं. दादा हसला. "ठीक आहे. जमला तर राहा. नाही जमला तर दिवाळीनंतर गाडीत बसायचं."

साबण जमला नाही. मी पांढुर्ण्याला शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मला फोन आला. पण मदत मागेल तर ती आत्या कसली! "पाह्यला येऊन जा," एवढंच म्हणाली. गेले तर बर्फीच्या ताटांत पिवळसर लगदा, बोट लावलं की बोटाबरोबर वर येणारा. तिने ताटं गच्चीवर उन्हात ठेवून पाहिली होती, पंख्याखाली ठेवली होती, फ्रीजमधलं दही बाहेर काढून तिथेही ठेवली होती, आणि आता नुसती त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसली होती.

"आत्या, फारच नरम आहे गं."

"नरम नाही. सावकाश आहे."

"व्हिडिओतली बाई तर दुसऱ्या दिवशी वड्या कापते."

"तिच्या गावचा दुसरा दिवस वेगळा असन."

काय काय घातलंस, हे खोदून विचारलं तेव्हा कळलं की कॉस्टिक सोडा तिने पाण्यात नव्हे, संत्र्याच्या रसात कालवला होता. "संत्र्याच्या गावात पानी काहून टाकाव? आपन काय कंजूस लोक आहो?" मी समजावलं, रसाच्या आंबटपणाने सोड्याचा जोर मारला, म्हणून बरंचसं तेल तेलच राहिलं, त्यातून तेल सरकीचं, त्याचा साबण मुळातच मऊ. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हनजे रस चांगला होता, सोडा कमजोर निघाला." बरं, सोडाच कमजोर! हातमोजे घालून, खिडक्या उघडून आम्ही तो लगदा स्टीलच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, मंद आचेवर पातळ केला, कडकपणासाठी खोबरेल घातलं, हिशेबाने थोडा सोडा पाण्यात विरवून घातला आणि पुन्हा ताटांत ओतला. आता त्याला वाळायला वेळ हवा होता, आणि दिवाळी तर दारात उभी होती.

मेळा साबणाविना गेला. दादा गाडी घेऊन आला, त्याने ताटात अंगठा दाबला, खळगी पडली. "झालं ना आई? चल आता."

आत्या त्याच्याचसाठी चकल्या तळत होती. झारा तसाच हातात धरून ती वळली. "साबन नाही जमला तर मी येईन, असं तू म्हनला. मी कवा म्हनली?"

"मग इथं कशाच्या भरवशावर राहणार तू?"

"मी साबनाच्या भरवशावर नाही राहून राहिली. साबन माह्या भरवशावर आहे. सुकन थो. मी इथंच बसून पाहीन."

दादा चिडला आणि न जेवता निघाला. त्याची गाडी नागपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत आत्या दारातून हलली नाही. कढईतल्या चकल्या करपल्या, तरी हलली नाही.

थंडीत साबण खरंच कडक झाला. खडबडीत, मातकट रंगाचा, पण एका वडीवर दुसरी आपटली की आवाज यावा असा. गटातल्या बायकांनी तो बोरगावपर्यंत नेऊन विकला. त्याआधी आत्याने सगळ्यांत सरळ कापलेली वडी बाजूला काढून नागपूरला कुरिअर केली होती. दादाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. स्पीकरवर त्याचा आवाज सगळ्या स्वयंपाकघरात घुमला, "आई, मानलं तुला! काय फेस येतो गं!" आता ही बाई गल्ली गोळा करणार, म्हणून मी सावरून बसले. तिने स्पीकर बंद केला, फोन कानाशी नेला, पदराने उगाच ओटा पुसला आणि मी कधी ऐकला नव्हता अशा हळू आवाजात म्हणाली, "फेस राहू दे बाबू. तू कवा येऊन राहिला, थे सांग."