सुमनताईंची कात्री आणि भोपळ्याचा वेल

फोन आला तेव्हा छत्री रेकॉर्ड होऊन पेन ड्राइव्हमध्ये बसली होती.

"छत्री गेली," सुमनताई तहसीलमधून ओरडत होत्या. "चिठ्ठीत दुसरीला लागली. मला कात्री देली!"

निवडणुकीचं चिन्ह दुपारी मिळतं आणि पाच वाजता प्रचाराचा ऑटो गावात वाजायला लागतो. मधल्या वेळात गाणं करायचं, हा माझा धंदा. सेलूत पिठाच्या गिरणीवर माझा एका खोलीचा स्टुडिओ आहे. गिरणी सुरू झाली की माझा माइक थरथरतो आणि प्रत्येक गाण्याला फुकट ढोलकी मिळते. माझ्या गाण्याशिवाय या भागात कोणी निवडून येत नाही, असं मी सांगतो. माझ्या गाण्याशिवाय कोणी पडतही नाही, असं लोक सांगतात.

सुमनताई म्हणजे वालूरच्या पुढच्या एका गावातल्या बचत गटाच्या अध्यक्षा. गावाचं नाव सांगत नाही, मला तिकडे अजून जायचंय. त्या सरपंचपदाला उभ्या होत्या. कारण एकच, पाणी. गावाच्या टाकीपासून एक चोरटा पाइप निघून थेट जुन्या सरपंचांच्या शेतात गेला होता. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांचा ऊस डोक्याएवढा आणि बायांचे हंडे कोरडे. यंदा आबांची सून उभी होती.

ताईंना छत्रीच मिळणार, असं सगळ्यांनी छातीठोक सांगितलेलं. म्हणून मी आधीच मुखडा बांधला होता. मुखडा म्हणजे गाण्याचं तोंड, जे परत परत येतं.

सुमनताईंची छत्री, सावलीची खात्री,
गावाच्या डोक्यावरी दिवसा अन् रात्री!

आता कात्री. घड्याळात साडेतीन. गायक कार्यक्रमासाठी पालमच्या एसटीत बसलेला, फोन बंद. मी खोलीत इतक्या येरझाऱ्या घातल्या की फरशी झिजून गिरणीवाल्याच्या डोक्यावर पडायची वेळ आली. मग एकदम डोक्यात ट्यूब पेटली. छत्री, कात्री. मीटर तेच, यमक तेच! मीटर म्हणजे शब्दाची लांबी, चालीत चपखल बसणारी. आमच्यात 'पंच' म्हणतात, गाण्यातला एकच शब्द खोडून तिथं दुसरा गाऊन बसवायचा. मीच माइकपुढे उभा राहिलो. माझ्या आवाजानं देवगाव फाट्यावरच्या म्हशी आटतात, पण एका शब्दाला काय होतंय? जिथं जिथं छत्री, तिथं तिथं कात्री. दहा मिनिटांत काम फत्ते. पेन ड्राइव्ह ऑटोवाल्याच्या हातात दिला आणि चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आत सुमनताई पायरीवर.

"तुमी गाणं ऐकलं का?"

"मीच केलंय की, ताई."

"ऐका मंग." त्यांनी मोबाइल लावला.

सुमनताईंची कात्री, गावाच्या डोक्यावरी दिवसा अन् रात्री. उघडू या कात्री, खाली घेऊ लेकरं!

मी घाईघाईनं मोबाइल बंद केला.

"म्हातारे मला बघून टोपी घट्ट धरायलेत," ताई म्हणाल्या. "न्हावी इचारतो, ताई, माझ्या पोटावर कामून उठल्या? अन् आबाची माणसं माझं गाणं त्यांच्या ऑटोवर वाजवायलेत. फुकटात!"

शब्द बदलला, पण उपमा छत्रीचीच राहिली होती. छत्री डोक्यावर धरली की माया. कात्री डोक्यावर धरली की पोलीस केस. तीस वर्षांचा माझा अनुभव एका यमकानं खड्ड्यात घातला.

"नवं करतो. कात्रीनं ताई, फीत कापतात, उद्‌घाटन..."

"कशाचं उद्‌घाटन? गावात हाय काय? मला पाइप कापायचाय, ते लिहा."

"कात्रीनं पाइप कापत नाही."

"गाण्यात कापतो!"

बाई बचत गट चालवत होती, पण बोलली ते मला कोणी गुरूनं शिकवलं नव्हतं.

अडचण पुढेच होती. आबांचं नाव घ्यायची सोय नाही, आचारसंहिता आडवी. पाइप म्हटलं की पुरावा द्या. खाली गिरणी घरघरत होती, ताई दर दोन मिनिटांनी "झालं का?" विचारत होत्या आणि मी कागद फाडत होतो. शेवटी पाइपचं झाड केलं. म्हणजे वेल केला. अशा वेळी गाण्यातली प्रतीकं कामाला येतात. बोट दाखवायचं, पण बोट आपलं आहे हे कळू द्यायचं नाही.

टाकीपाशी उगवला, बांधावरी गेला,
साऱ्या गावाचं पाणी एकटाच प्याला.
भोपळ्याचा वेल बाई, माजला गं लय,
घे सुमनताई कात्री, कशाचं गं भय?

गायक अजून पालमलाच. म्हणून बचत गटाच्या सात बाया जीपमधून आल्या आणि टाळ्या वाजवत गायल्या. सुरात एकही नव्हती, पण त्वेष असा की माइकला घाम फुटला. संध्याकाळी ऑटो फिरला. रात्रीच्या जेवणाआधी गाव ते गुणगुणत होतं. दोन दिवसांत वालूरच्या बाजारात भोपळे घ्यायलाही लोक हसायला लागले, अशी खबर मला पोचली. पोचवणारा मीच.

तिसऱ्या दिवशी आबा स्वतः जिना चढून आले. पांढरीशुभ्र टोपी, मागे चार जण.

"त्यो वेल कोण हाय?"

"भोपळ्याचा हाय, आबा."

"टाकीपासून बांधापत्तुर कोणता भोपळा जातो रे?"

"तुमच्या बांधावर लावलाय का?"

आबांच्या मागचा एक जण फिस्सकन हसला. आबांनी वळून पाहिलं तसा तो खोकायला लागला.

"तहसीलला तक्रार करीन तुही."

"करा की. फक्त अर्जात लिहावं लागंल, वेल म्हंजे माझा पाइप. खाली सही."

आबा खुर्चीत बसले. मग टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि उठून जिना उतरले. त्या दिवशी मी स्वतःला पेढे वाटले. स्वतःच खाल्ले. निकाल लागल्यातच जमा होता.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज.

"पाइप गेला हो! आबानं सोताच उपटला. नळाला ही धार आली. समद्या बाया हंडे भरायल्यात!"

"जिंकलात ताई!"

"हां," त्या म्हणाल्या. "पर बाया म्हणायल्यात, आता कशाला भांडण? आबा सुधारला."

मी फोन ठेवला आणि दिवसभर बोटं मोडत बसलो.

सुमनताई अकरा मतांनी पडल्या.

निकालाच्या दिवशी मी तोंड लपवायच्या तयारीत होतो, तर त्यांचाच फोन.

"गाणं लय भारी झालं," त्या म्हणाल्या. "जरा जास्तच झालं. ठेवते, माझा हंडा भरायलाय."

निवडणुकीच्या गाण्यात हवी ती उपमा द्यावी. फक्त ती मतदानाच्या आधी खरी होऊ देऊ नये.