तुरीच्या प्रथिनाची जोडी

पौर्णिमा पातूरच्या रामरावांची लेक. घरी काळ्या मातीचं शेत, त्यात दरसाल तूर आणि तुरीवर दरसाल घाटेअळी. अकोल्यात कॉलेजला असताना गोपाळकृष्ण सरांनी वर्गात सांगितलं, की तुरीच्या दाण्यात एक प्रथिन असतं. अळीच्या पोटातलं पचन करणारं विकर ते धरून ठेवतं आणि अळी उपाशी मरते. पौर्णिमानं ते डोक्यात घेतलं. पुढे अमरावतीच्या कॉलेजात शिकवू लागली, तरी पीएच.डी.ला तिनं हेच प्रथिन घेतलं.

सरांचं म्हणणं असं, की या प्रथिनाचे दोन रेणू जोडीनं आले तरच पकड बसते. तरुणपणी साध्या उपकरणांवर त्यांनी ते मांडलं होतं, आणि त्यांचं जे काही नाव झालं ते त्यावरच. जोडी आहे की नाही, हे तपासणं मात्र नाजूक काम. रेणूंमधले बंध इतके कच्चे, की नेहमीसारखं आम्लात घालून वजन करायला गेलं की सुटतात. म्हणून पौर्णिमा हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेली. मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणूंचं वजन करणारं यंत्र. त्यात प्रथिन सौम्य क्षारातून, न दुखावता कसं सोडायचं ते शिकली. पहिल्याच खेपेला जोडी दिसली. तिनं तिथूनच फोन लावला.

"सर, जोडी हाये!"

पलीकडून हुंदका ऐकू आला. सर रडत होते.

मग तिला शंका आली. द्रावण दाट असलं, तर यंत्रात फवारलेला थेंब सुकताना एकमेकांशी संबंध नसलेले रेणूही चिकटून बसतात. तिनं द्रावण पातळ केलं, जोडी ओसरली. आणखी पातळ केलं, तर उरलीच नाही. एकटा रेणू मात्र विकराला धरून होता.

तोवर सरांना झालेला कर्करोग हाताबाहेर गेला होता. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी ती पोचली, तेव्हा सरांच्या पत्नी कुंदाकाकूंनी तिला दारातच थांबवलं.

"काही वेगळं असेल तर सांगू नकोस त्यांना. तेवढ्या एका गोष्टीवर समाधानानं पडून आहेत."

पौर्णिमानं मान हलवली. न बोलायचं ठरवूनच ती खाटेजवळ बसली. पण सरांनीच विचारलं, "पातळ करून पाहिलंस?"

तिनं दाराकडे पाहिलं. काकू तिथंच उभ्या होत्या.

"पाह्यलं, सर."

"मग?"

"जोडी नाई राहत. एकटंच धरते."

सर छताकडे बघत राहिले. डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरलं.

"माझंही द्रावण दाटच होतं," ते म्हणाले. "त्याहून पातळ केलं तर तेव्हा काही दिसायचंच नाही." थोडा दम घेऊन म्हणाले, "एकटंच धरतं, हे नक्की?"

"नक्की, सर."

"तसंच लिही. माझं चुकलं होतं, तेही लिही."

निघताना काकू एवढंच म्हणाल्या, "मरताना तरी ते त्यांच्याकडे राहू द्यायचं होतंस."

पौर्णिमा वाकून नमस्कार करायला गेली, तर काकूंनी पाय मागे घेतले.

दिवाळीआधी सर गेले. पौर्णिमाचा शोधनिबंध छापून आला. सरांचा जुना निष्कर्ष का टिकत नाही, ते तिनं त्यात स्पष्ट लिहिलं. पातूरला जाताना ती दरवेळी अकोल्याला उतरून काकूंकडे जाई. काकू चहा ठेवत, बोलत नसत. पुढच्या उन्हाळ्यात एकदा ती उठायला लागली, तर काकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "भाकरी टाकतेय. जेवून जा."

पौर्णिमा पुन्हा खाली बसली.