डिफर म्हणायचं होतं

ऑस्ट्रेलियात, टूवूंबातल्या मैदानावर शनिवारी दुपारी टॉस मी जिंकला आणि एका शब्दात चुकलो. आमच्या युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा मी कॅप्टन होतो आणि त्या दिवशी हरलो तर फायनल हुकणार होती. कोचने बजावलं होतं, "मेट, फक्त डिफर म्हण." डिफर म्हटलं की आपली निवड दुसऱ्या हाफसाठी राखली जाते आणि तेव्हा चेंडू आपल्याला घेता येतो. गार वाऱ्याने सॉसेजचा धूर थेट आमच्या तोंडावर येत होता. रेफरीने विचारलं, आणि पुण्यात टॉस जिंकून "आधी बोलिंग" म्हणायची सवय जिभेवर आली. "वी विल किक," मी म्हणालो. शेजारी उभा असलेला नाशिकचा मित्र दबक्या आवाजात म्हणाला, "अरे गाढवा, किक निवडलीस! आता चेंडू त्यांना, आणि दुसऱ्या हाफची निवडही त्यांचीच; तेव्हाही तेच चेंडू घेणार." हाफटाइमला आम्ही चार गुणांनी पुढे होतो. रेफरीने त्यांच्या कॅप्टनला निवड विचारली. "रिसीव्ह, मेट," तो माझ्याकडे बघून हसला. पहिल्याच संधीत त्यांनी टचडाउनचे सहा गुण घेतले. त्यानंतर दोन्हीकडून एकही गुण झाला नाही; आमची फायनल दोन गुणांनी हुकली.